जनू गिरकरची मूठ

"मूठ उघड," मी म्हणालो.

"नाय," जनू म्हणाला.

"जनू, मी पंच आहे. मूठ उघड."

"पंच आसास तर मासो बघा. मुठीत काय बघतास?"

त्याच्या उजव्या मुठीतून रक्त ठिबकत होतं. आमच्या दोघांच्या मध्ये खडकावर तांबोशी तडफडत होती, हातभर लांब, लालबुंद. आणि वरच्या कातळावर अण्णा कुबल गरीची काठी फेकून देऊन ओरडत होते, "शिरा पडो तुझ्या तोंडार, जन्या! आयुष्यात एकदा लागललो मेल्या, तो घालवलंस!"

आडबंदरची अर्धी वस्ती तेव्हा खडपावर जमली होती. खडप म्हणजे समुद्रात घुसलेला खडकांचा पट्टा. दर वर्षी थंडी ओसरता ओसरता तिथं गरवण्याची स्पर्धा व्हायची. गरीला आमिष लावायचं, समुद्रात फेकायची, दिवसभरात ज्याचा मासा सगळ्यांत जड त्याला कप. नियम एकच, पण शेंबड्या पोराला पाठ असलेला: मासा कोरड्या खडकावर येईपर्यंत ज्याची काठी त्याचाच हात. दुसऱ्या कुणाचं बोट काठीला, दोरीला किंवा माशाला लागलं, की मासा बाद.

आणि जनू गिरकरनं सगळ्यांच्या देखत अण्णांच्या दोरीला हात घातला होता. नुसतं बोट नाही, चांगली मूठ आवळून.

बरं, तोवर पहिल्या नंबरावर कोण, तर जनूच. सकाळीच त्याला एक लांबलचक मासा लागला होता आणि तो टोपलीत ठेवून स्वारी आरामात बिडी ओढत बसली होती. अण्णांची तांबोशी त्याच्या माशाहून मोठी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती बाद झाली की कप जनूचा. आता सांगा, संशय कोणाला येणार नाही?

मला तर येणारच. माझा जन्म संशय घेण्यात गेलाय. मी घाटावरचा माणूस, नोकरी जकात नाक्यावर. तांदळाच्या पोत्यांखाली काय दडवलंय हे मी पोत्यांकडे न बघता ड्रायव्हरच्या कानांकडे बघून सांगायचो. खोटं बोलणाऱ्याचं तोंड तयार असतं हो, कान नसतात, ते तापतात. बायको म्हणायची, हे देवळात गेले तरी देवाच्या मूर्तीखाली वाकून बघतील. निवृत्त झाल्यावर तिच्या माहेरी, आडबंदरला, घर बांधलं आणि गावानं मला एका वर्षात स्पर्धेचा पंच करून टाकलं. कारण साधं होतं. गावात वाड्या दोन, आणि दोघींतून विस्तव जात नव्हता. वरच्या वाडीचा पंच केला तर खालची रुसायची, खालचा केला तर वरची. जावई मात्र सगळ्यांचाच. म्हणून मी झालो 'जावयबापू', आणि शिट्टी माझ्या गळ्यात.

अण्णा आता नाहीत, म्हणून हे सांगतोय. असते तर नसतं सांगितलं.

तर, अण्णा कोण ते आधी सांगतो. सावळाराम कुबल, मच्छीमार सोसायटीचा काटा धरणारे. होड्या लागल्या की बंदरावरच्या शेडमध्ये लिलाव चालायचा. आडव्या वाशाला तबकडीचा काटा टांगलेला, त्याच्या आकड्याला टोपली अडकवली की सुई नुसती थरथरत राहायची. ती पुरती थांबेपर्यंत वाट बघायला वेळ कुणाला? अण्णा तबकडीसमोर उभे राहून एक आकडा बोलायचे, आणि बोलले की संपलं. होडीवाला म्हणायचा बरोबर, मासळीवाल्या बायका म्हणायच्या बरोबर. शेजारच्या बंदरात काट्यावरून एकदा कोयते निघाले होते. आमच्याकडे दोन वाड्या लग्नाला एकमेकींकडे जात नव्हत्या, पण अण्णांच्या आकड्यावर दोघींनी कधी चकार शब्द काढला नाही.

एवढा मान, पण एक शल्य होतं. अण्णांना गरवायचा भारी नाद, आणि हाताला यश म्हणून नाही. दर वर्षी स्पर्धेत उतरायचे आणि बोटभर शेंगटी घेऊन परत यायचे. मासळीवाल्यांची म्होरकी सुगंधाकाकी, तिची जीभ म्हणजे सुरी. त्या दिवशी सकाळी खडपाकडे निघालेल्या अण्णांना तिनं भर रस्त्यात गाठलं.

"अण्णानू, जन्म गेलो दुसऱ्यांचे मासे तोलण्यात. स्वतःचो एक तरी मासो काट्यार टांगतलात काय?"

बायका फिदीफिदी हसल्या. अण्णा नेहमी हसण्यावारी न्यायचे. त्या दिवशी नाही नेलं.

"औंदा टांगतलंय," ते म्हणाले. "नाय टांगलंय, तर ही काठी चुलीत घालतलंय. बघशीत तू."

"बघलंय, बघलंय! दर वर्षीच बघतंय!"

मी तिथंच होतो. म्हातारा चिडलाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आता जनू. जनार्दन गिरकर, बर्फात मासळी घालून कोल्हापूरला नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. उंच, काळा, मोठ्यानं हसणारा, थापाड्या नंबर एक. घाटात वाघ आडवा आला होता म्हणून उशीर झाला, असं हा चार वेळा सांगायचा आणि चारही वेळा वाघ वेगळा. त्याच्या तोंडचं खरं आणि खोटं त्याच्या आईलाही निवडता आलं नसतं. अशा माणसानं दुसऱ्याच्या दोरीला हात घातला, तर गाव काय म्हणणार?

झालं ते असं. दुपार कलली होती, भरती चढायला लागली होती. मी खडपाच्या पार पलीकडच्या टोकाला होतो. तिथं कोल्हापूरचे मगदूमसाहेब बसले होते, डोक्यावर टोपलीएवढी हॅट आणि हातात परदेशी रॉड. त्यांना एक जाडजूड गोबरा लागला होता, तो मी डोळ्यांनी खडकावर येताना बघितला आणि खूण केली. एवढ्यात अण्णांची हाक आली, "लागलो! लागलो रे! पंचांक बोलवा!"

धावत गेलो. अण्णा उंच कातळावर उभे, काठी वाकलेली. त्यांच्या पायाखाली खडकात एक अरुंद घळ होती, तिच्यातून पाणी आतबाहेर करत होतं. जनूची जागा त्या घळीच्या तोंडाशी, खाली. मी वर, अण्णांच्या मागून बघत होतो. मासा पाण्यातून वर आला, लाल पाठ उन्हात चमकली, लोकांनी "होऽऽ!" केलं. अण्णांनी रीळ फिरवून तो पाण्याबाहेर उचलला, आणि मध्येच थांबले.

मासा पाणी आणि खडक यांच्या मधे लोंबकळतोय आणि म्हातारा रीळ फिरवत नाही. चेहरा राखेसारखा पांढरा. मला वाटलं, दमले. या वयात एवढा मासा ओढायचा म्हणजे चेष्टा नाही. "अण्णा, ओढा! ओढा!" असं मीच ओरडलो. पंचानं ओरडू नये, पण ओरडलो.

आणि खालून जनू उठला. बिडी टाकली, एक उडी मारली, डाव्या हातानं दोरी धरली, उजवा हात माशाच्या कल्ल्यात घातला आणि मासा हिसकून घेत कालवांनी भरलेल्या खडकावर आपटला. स्वतःही आपटला. गुडघा फुटला, हात फाटला. उठला तो मूठ आवळूनच. मी उतरून तिथं पोचलो आणि म्हणालो, "मूठ उघड."

त्यानं उघडली नाही. "रक्त धुतंय," म्हणाला, वळला, पाण्याच्या कडेला बसला आणि हात लाटेत बुडवला. बाहेर काढला तेव्हा तळवा उघडा होता, आडवा चिरलेला, आणि रिकामा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत जे काही होतं ते माझ्या डोळ्यांदेखत दर्यात गेलं.

ब्लेड, मी मनात म्हणालो. दोरी कापायला आला होता. कापणं जमलं नाही, म्हणून हात घातला.

"अण्णा, मासा बाद," मी म्हणालो. नियम म्हणजे नियम.

लोकांनी जो गिल्ला केला! सुगंधाकाकी कमरेला पदर खोचून पुढं आली. सकाळी अण्णांची थट्टा करणारी तीच, आता तिच्या डोळ्यांत पाणी. "जन्या, म्हाताऱ्याचो घास काढलंस! त्या हाताक किडे पडतले तुझ्या!"

"पाय सरकलो," जनू म्हणाला.

"पाय सरकला तर माणूस खाली पडतो," मी म्हणालो. "तू वर कसा पडलास?"

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. कुणी तरी ओरडलं, "तेचो मासो पण बाद करा! मुद्दाम केल्यान!" नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण मुद्दाम केलं असेल तर पंचाला ते करता येतं, एवढी अक्कल मला होती. मी सांगितलं, जनूच्या माशाचा निकाल संध्याकाळी शेडमध्ये, तोलायच्या वेळेला.

आडबंदरची एक जुनी रीत आहे: बाद झालेला मासा पंचाचा. पंचाला दुसरं काही मिळत नाही, म्हणून असेल. मी तांबोशी पिशवीत घालायला वाकलो, तेवढ्यात अण्णा वरून म्हणाले, "जावयबापू, तो मासो दर्यात टाका."

"का हो?"

"माका बघवत नाय. टाका."

मला गलबलून आलं. केवढा हा घाव, म्हटलं, म्हाताऱ्याला मासा समोर नको झालाय. पण हाताशी आलेली तांबोशी दर्यात टाकणारा मी नव्हे. गुपचूप पिशवीत घातली आणि निघालो.

शेडच्या मागं एक नळ आहे. घरी नेण्याआधी तिथं मासा साफ करावा म्हणून बसलो. डोक्यात जनूच होता. लबाड, हलकट, काय काय शिव्या देत होतो. कल्ला उचलला, बोट आत घातलं, आणि बोटाला काहीतरी लागलं.

निळी दोरी होती. नायलॉनची, जाळी विणायला वापरतात तसली. कल्ल्याच्या हाडाभोवती वेढा घालून गाठ मारलेली, आणि गाठीपासून वीतभर शेपूट असावं ते हिसकून तुटलेलं. तुटल्या टोकाला रक्त सुकलेलं. वेढ्याखालचं मांस घासून घासून पांढरं पडलं होतं. हे काही आत्ताचं काम नव्हतं. मासा आदल्या दिवसापासून बांधलेला होता. पोट चिरलं, तर आत काही नाही. दिवसभर उपाशी.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिलो.

आदल्या दिवशी कुठून तरी जिवंत मासा मिळवायचा. कल्ल्यातून दोरी ओवून त्या घळीत, कुणाला दिसणार नाही असा बांधून ठेवायचा, पाण्यात जिवंत राहतो. स्पर्धेच्या दिवशी तीच जागा धरायची. पंच पलीकडच्या टोकाला गेला की अडकलेली गरी सोडवायच्या निमित्तानं घळीत उतरून दोरी कापायची, तोंडात गरी अडकवायची, पाण्यात सोडायचा आणि ओरडायचं, "लागलो!" घाईत दोरीचं शेपूट राहून गेलं. आणि मासा पाण्याबाहेर आल्यावर ते अण्णांना दिसलं, म्हणून तो राखेसारखा चेहरा. म्हणून रीळ थांबलं. म्हणून "दर्यात टाका".

आयला! सबंध दुपार मी चुकीच्या माणसाचे कान बघत होतो.

जनूचा ट्रक शेडपासून थोडा लांब, माडाखाली उभा होता. तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसून डाव्या हातानं उजव्या हाताला चिंधी बांधायचा प्रयत्न करत होता. कुणी मदतीला नव्हतं. मी जाऊन चिंधी बांधली, आणि खिशातला निळा वेढा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं बघितलं आणि पटकन वर हात ठेवला. "कोणी बघल्यानी?"

"फक्त मी. तुला कधी दिसलं?"

"मासो पाण्याभायर इलो तेवा. कल्ल्यातसून निळी शेपटी लोंबत होती. तुमी वर होतात, तुमका माशाची पाठ दिसली. अजून दोन हात वर गेलो असतो, तर अख्ख्या गावाक दिसली असती."

"म्हणून उडी मारलीस."

"मगे काय करू? आराडू? 'अण्णानू, दोरी लोंबता' म्हणान?"

मला हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. "हे बघ जनू, मी आता शेडमध्ये जाऊन सगळ्यांना हा वेढा दाखवणार. चोर सोडून संन्याशाला फाशी मी देत नसतो."

"संन्यासी कोण? मी?" तो मोठ्यानं हसला. "गावात इचारून येवा जरा."

"थट्टा नको. सगळं गाव तुझ्यावर थुंकतंय. ती सुगंधा तुझ्या हाताला किडे पाडायला निघाली."

"थुंकू देत. मी गाडी चालवतंय, जावयबापू. जन्या लबाड आसा म्हटल्यानी म्हणान गाडी घाट चढूची थांबतली काय?" मग त्याचं हसू गेलं. त्या माणसाला न हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "पण अण्णाचा नाव गेला तर परवा काटो कोण धरतलो, सांगा. वरची वाडी म्हणतली आमचो माणूस, खालची म्हणतली आमचो. आठ दिसात डोकी फुटतली. माझी आई त्या काट्यार मासळी घेय. आता बायल घेता. तिका आकडे वाचूक येणत नाय. ती सुईकडे बघणाच नाय, अण्णाच्या तोंडाकडे बघता. एकट्या तिचीच गजाल नाय ही, निम्म्या बायलांची आसा."

"पण त्यानं फसवलं, जनू. हा माणूस फसवतो."

"आज फसवल्यान."

"आणि काट्यावर? काट्यावर फसवत नाही कशावरून?"

तो मांडीवरचा वेढा बोटांत फिरवत राहिला. मी जकात नाक्याचा माणूस, मला कळलं. तोच प्रश्न दुपारपासून त्यालाही कुरतडत होता.

"एक मागणा आसा," तो शेवटी म्हणाला. "माझो मासो बाद करू नकात. तो तोलूक व्हयो."

बघा! एवढं सगळं बोलून शेवटी गडी कपावर आलाच, असं माझ्या मनात आलं. पण मासा त्यानं खरा पकडला होता, आणि मी खूण केली होती. मी "बरं" म्हणालो. वेढा त्यानं माझ्या हातात परत दिला नाही. मीही मागितला नाही.

संध्याकाळी शेड गच्च भरली होती. मी शिट्टी वाजवून सांगितलं, "जनूचा पाय सरकला, असं पंचाचं मत आहे. त्याचा मासा तोलला जाईल."

"जावयबापूंनी काय तरी खाल्ल्यानी!" मागून आवाज आला. मला! ज्यानं सबंध नोकरीत कुणाचा चहा घेतला नाही, त्या मला! अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड मिटून उभा राहिलो. बोलायची सोय नव्हती.

बाकीचे मासे किरकोळ होते. मगदूमांचा गोबरा लागला. अण्णांनी सुई बघितली, म्हणाले, "पावणेचार." आवाज खोल गेलेला. मग जनू आपली टोपली घेऊन आला. लोकांनी त्याला वाट दिली ती देवीच्या रोग्याला देतात तशी. त्याचा मासा गोबऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता. कप याचाच, हे सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केलं होतं आणि दात खात उभे होते.

अण्णांनी काट्यावरचा हात काढून घेतला.

"हो मासो मी तोलूचंय नाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाक तरी सांगा. आणि उद्यापासून लिलावाक पण दुसरो माणूस बघा."

"बरोबर आसा अण्णानू!" सुगंधाकाकी ओरडली. "तेचो मासो तुमी कित्याक तोलशात?" सगळ्यांना वाटलं, म्हातारा रागानं बोलतोय. मी त्यांच्या कानांकडे बघितलं. लाल झाले होते, पार पाळीपर्यंत. ते जनूच्या चिंधी बांधलेल्या हाताकडे बघत होते. आता बोलणार, मला वाटलं. आणखी एक श्वास, आणि हा माणूस सगळं सांगून टाकणार.

जनूनं त्यांना तो श्वास घेऊच दिला नाही. मासा स्वतः काट्याला अडकवला आणि अण्णांचं मनगट धरून त्यांना तबकडीसमोर उभं केलं. "माझो मासो तुमीच तोलूचो. दुसऱ्या कोणी तोललो, तर माका मान्य नाय."

"बेशरम मेलो!" कुणी तरी म्हणालं.

"जन्या," अण्णा हळू म्हणाले, "माझो हात..."

"फाटलो तो माझो हात. तुमचो नाय. तोला."

अण्णा तबकडीकडे वळले. सुई थरथरत होती. एरवी दोन श्वासांत आकडा बोलणारा माणूस, त्या दिवशी सुई पुरती थांबेपर्यंत थांबला. शेडमध्ये कुणी हलत नव्हतं. तबकडी त्यांच्याकडे, लोकांना दिसत नव्हती. ते म्हणतील तेच वजन. लोकांना वाटत होतं, म्हातारा आता सूड घेणार, कमी सांगणार. मला उलटी भीती होती. ज्यानं अण्णांची अब्रू स्वतःच्या रक्तानं झाकली त्याला हा माणूस काय देऊ शकतो? एक आकडा. फक्त एक मोठा आकडा, की कप जनूचा आणि फिटंफाट. त्यांच्या जागी मी असतो तर दिला असता.

मी पंचाच्या हक्कानं पुढं वाकलो आणि तबकडी बघितली.

"साडेतीन," अण्णा म्हणाले.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग शेड दणाणली. कप बाहेरगावच्या माणसाला गेला आणि आडबंदर आनंदानं नाचलं. असं त्या गावात आधी कधी झालं नसेल. मगदूमसाहेबांना खांद्यावर घेतलं, त्यांची हॅट पडली. सुगंधाकाकी अण्णांच्या कानाशी येऊन हसत म्हणाली, "बरो उट्टो काढलात अण्णानू! एकदा काटो मारलात, पण देवाक मान्य आसा!"

अण्णांना कुणी तरी थोबाडीत मारावी तसे ते मागं सरले. "काटो मारलंय नाय," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सुगंधा, काटो मारलंय नाय गो. जावयबापू, तुमी सांगा."

"वजन बरोबर आहे," मी म्हणालो. माझं कोण ऐकतो?

"बरोबर आसा!" सगळ्यांच्या वर आवाज चढवून जनू ओरडला. "साडेतीनच आसा! अण्णानी सांगल्यानी ता बरोबर!"

ज्याचा कप गेला तोच ओरडतोय म्हटल्यावर सुगंधाकाकी चपापली. तिनं एकदा जनूकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, आणि वाकून पहिल्यांदाच तबकडी निरखायला लागली, जणू तिला आकडे वाचता येत होते.

अण्णांनी काटा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी लिलावाला तेच होते आणि पुढं हात चालत होते तोवर तेच राहिले. स्पर्धेत मात्र पुन्हा उतरले नाहीत. जनूला त्या दिवसापासून गावानं 'हातघाल्या' नाव ठेवलं, ते आजही आहे. त्याच्या पोरांनाही ते चिकटलं. मी दोन-चार वेळा तोंड उघडायला गेलो, पण त्यानं दर वेळी डोळे वटारले.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. गर्दी पांगल्यावर मी ट्रकपाशी गेलो. जनू फळी लावत होता.

"वाईट वाटलं रे," मी म्हणालो. "कप गेला तुझा."

"माझो कधी होतो तो? मासो लांब, पण पोटात काय नाय. सकाळी हातात धरलो तेवाच समाजलंय, साडेतीनच्या वर जावचो नाय. मगदूमाचो गोबरो जड आसा ता पण लांबसून बघलंय."

"म्हणजे हरणार हे तुला आधीच ठाऊक होतं? मग तोला, तोला म्हणून एवढा जीव का टाकत होतास?"

त्यानं फळीची कडी घातली, केबिनमध्ये चढला आणि बिडी पेटवली.

"तुमीच इचारलात मा, काट्यार फसवणत नाय कशावरून? माका म्हायत नव्हता. म्हटलां, आज तेंका माझो उपकार फेडूचो आसा. आज खोटो आकडो सांगल्यानी नाय, तर कधीच सांगूचे नाय."

"आणि चार सांगितलं असतं तर?"

"तर ती निळी दोरी खिशात होती," जनू म्हणाला. "थंयच, सगळ्यांसमोर, काट्यार टांगलंय असतंय."

त्यानं गाडी सुरू केली. बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडत ट्रक घाटाकडे निघाला, आणि मी पिशवी उचलून घरी गेलो.